नेत्रतपासणी शिबिर घेणार असाल, तर रजिस्टरचा शेवटचा रकाना आधी आखा

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर घरोघर फिरत होतो. एका आजींनी देव्हाऱ्याखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत रेशनकार्ड, लाईटबिलं, मुलाची लग्नपत्रिका आणि तळाशी घडी घातलेल्या तीन चिठ्ठ्या. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या, तीन वेगवेगळ्या शिबिरांच्या. तिन्हींवर मजकूर जवळपास एकच होता : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेचा सल्ला.

"तीन येळा तपासलं रं बाबा, पर न्ह्यायला कुनी आलंच न्हाई," आजी म्हणाल्या. बोलताना त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होत्या.

त्या तिनांतलं एक शिबिर आमच्याच मंडळाचं होतं. त्या दिवशी आम्ही किती डोळे तपासले याचा आकडा बॅनरवर छापून मिरवला होता, आणि त्या आकड्यात या आजीही होत्या. तेव्हापासून आम्ही शिबिराची सगळी मांडणी उलटी केली. शेवटापासून सुरुवात करायची. सातारा-सांगली भागात कुणी तरुण मंडळ, बचत गट, निवृत्त शिक्षक किंवा आशाताई पहिल्यांदाच नेत्रतपासणीचं काम हाती घेत असतील, त्यांच्यासाठी ती मांडणी इथे लिहितो आहे.

पहिलं काम : आपल्या गावातले 'ते आठ जण' किती, याचा हिशेब

२०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांत १.९९ टक्के अंध आढळले. इथे 'अंध' म्हणजे अगदी काळोख असलेला माणूस नव्हे. ज्याला चांगल्या डोळ्याने, असेल तो चष्मा लावूनही, तीन मीटरवरची बोटं मोजता येत नाहीत, तो. नजरेच्या भाषेत ३/६० पेक्षा कमी, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं ते याला तीन मीटरवरूनही दिसत नाही. या अंधत्वातलं ६६.२ टक्के निव्वळ वेळेवर न काढलेल्या मोतीबिंदूमुळे होतं.

आता हे आपल्या गावाला लावा. तीन हजार वस्तीचं गाव, त्यात पन्नाशीपुढचे सहाशे धरा. देशाच्या सरासरीने त्यात बारा जण अंध निघतात आणि त्यातले आठ मोतीबिंदूचे. म्हणजे साध्या शस्त्रक्रियेने ज्यांना पुन्हा दिसू शकेल अशी आठ माणसं आज तुमच्या गावात कुठल्या तरी पडवीत बसून आहेत. तुमच्या गावात सहा असतील, नाहीतर अकरा. शिबिर सगळ्या गावाचं असू द्या, पण ते यशस्वी झालं की नाही हे या आठ जणांवरून ठरवा.

आणि अडचण अशी की हे आठ जण आपणहून शिबिराला येत नाहीत. त्यांना दिसतच नाही, ते येणार कसे? समाजमंदिरासमोर रांग लावतात ते चालते-फिरते, बहुतेक चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला आलेले. त्यांनाही तपासायचंच. पण चारशेची रांग लागली म्हणून समाधान मानू नका.

दवाखाना आधी, तारीख नंतर

नवीन मंडळी पहिल्यांदा मांडववाल्याला फोन करतात. तो सगळ्यात शेवटी करा. आधी तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना भेटा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं, कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय, शिवाय काही धर्मादाय नेत्ररुग्णालयं. आपल्या गावाला सोयीचं कुठलं ते एस.टी. आणि वडापच्या सोयीवरून ठरवा. अंतर कमी पण दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, यापेक्षा लांबचं पण थेट गाडीचं रुग्णालय म्हाताऱ्या माणसाला बरं पडतं.

तिथे बसून वहीत उत्तरं लिहून घ्या. आठवड्यात कोणत्या वारी शस्त्रक्रिया होतात? आमचे एका खेपेला किती रुग्ण घ्याल? न्यायला-आणायला गाडी तुमची की आमची? सोबतच्या माणसाची झोपायची, जेवायची सोय काय? कागदपत्रं कोणती? (आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा आम्ही नेहमी जवळ ठेवतो.) नंतरचे थेंब कोण देणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शस्त्रक्रियेनंतर एक महिन्याने नजर कोण मोजणार, चष्मा कोण देणार?

रुग्णालय म्हणालं की एका आठवड्यात आम्ही पंधराच घेऊ, तर पंधराच्या हिशेबाने शिबिर घ्या. साठ जणांना चिठ्ठ्या देऊन पंधरा जणांना न्यायचं म्हणजे पंचेचाळीस डब्यांत एकेक चिठ्ठी भरायची.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शाळेच्या खोलीत टेबलं मांडून डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले. गावात तपासणी, रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात शस्त्रक्रिया. कुणी कितीही भल्या मनाने म्हणालं की इथेच करून टाकू, तरी हात जोडून नकार द्या. जंतुसंसर्ग झाला तर डोळा जातो, आणि त्या गावात पुढची दहा वर्षं कुणी शस्त्रक्रियेला तयार होत नाही.

तारीख

कॅलेंडरवर रविवार दिसला म्हणून तारीख धरू नका. आपल्या भागाचं पंचांग वेगळं आहे. कारखान्याचे गाळप सुरू झाले की उसाच्या पट्ट्यात घरात माणूस सापडत नाही. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षाची फळछाटणी चालू असताना सून-लेक दोघंही बागेत असतात, म्हातारीला घेऊन कोण येणार? ज्येष्ठ-आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते, त्या दिवसांत वारीची माणसं शस्त्रक्रियेचं नाव काढू देत नाहीत. "पांडुरंगाला भेटून येतो, मग बघू." त्यांच्याशी वाद घालू नका, एकादशीनंतरची तारीख द्या.

पाटण, जावळीच्या खोऱ्यांत घरटी एक माणूस मुंबईला आहे. खानापूर, आटपाडीकडे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याने पोरं देशभर पांगली आहेत. घरी म्हातारा-म्हातारी. शस्त्रक्रियेला सही कोण करणार, रात्री सोबत कोण राहणार, हा खरा प्रश्न. म्हणून तिकडे गावच्या यात्रेला किंवा दिवाळीला पोरं गावी आली की त्यांना गाठून ठरवून घ्या. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पारावर बसलेल्या दहा मुलग्यांशी बोलणं हे महिनाभर दवंडी देण्यापेक्षा कामाचं ठरतं.

ऊसतोड मजुरांच्या खोप्यांवर वेगळं जावं लागतं, आणि संध्याकाळी. त्यातले पुष्कळ जण जत, माण, खटावसारख्या कोरड्या तालुक्यांतले, नाहीतर मराठवाड्यातले. ते कुठल्याच गावच्या यादीत नसतात. त्यांना तपासलं तर शस्त्रक्रियेची सोय त्यांच्या मूळ गावाजवळ करून द्यावी लागते, कारण महिनाभराने ते इथे नसतात. मुकादमाला विश्वासात घ्या.

घरोघर यादी

शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधी आशाताईंना सोबत घेऊन पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या घरी जा. मळ्यातल्या वस्त्या सोडू नका, आठांतले निम्मे तिथेच असतात.

"आजी, दिसतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "दिसतंय की." माणूस नजर गेल्याची कबुली देत नाही. पोरांवर भार नको, असं त्याला वाटत असतं. म्हणून कामावरून विचारा. सुईत दोरा ओवता येतो का? तांदळातले खडे कोण निवडतं? दारात उभ्या माणसाला तो बोलायच्या आधी ओळखता का? रात्री उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते का? आणि सुनेला बाजूला विचारा. ती सांगते, "मामंजींना ताटातली भाजी कुठं वाढलीय ते सांगावं लागतं."

मग तीन मीटर दोरी ताणा, एकेक डोळा झाकून बोटं मोजायला सांगा. ज्याला एकाही डोळ्याने जमत नाही त्याच्या नावापुढे लाल खूण. या लाल खूणवाल्या नावांतच आपले आठ जण असतात. त्यांना शिबिराला आणायची जबाबदारी नाव घालून एकेका कार्यकर्त्याला द्या.

बायकांकडे मुद्दाम लक्ष द्या. घरातल्या म्हाताऱ्याला आधी नेतात, म्हातारीचं "तिला कुठं वाचायचंय" म्हणून राहून जातं. गरीब देशांत बहुतेक ठिकाणी गरजेच्या मानाने बायकांच्या शस्त्रक्रिया पुरुषांपेक्षा कमी होतात, आणि आपली घरं त्याला अपवाद नाहीत. म्हणून आमच्या यादीत बायकांची पानं आधी असतात.

शिबिराचा दिवस : तक्ता, दोरी, पुठ्ठा

एका वर्षी आमच्या शिबिरात निम्मं गाव नापास व्हायला लागलं. धडधाकट पोरंसुद्धा चौथ्या ओळीला अडखळू लागली. दुपारी एका शिक्षकांनी पट्टी आणून तक्त्यावरची अक्षरं मोजली. सगळ्यात वरचं अक्षर साडेसहा सेंटिमीटर भरलं. झेरॉक्सवाल्याने कागदात बसावा म्हणून तक्ता लहान करून काढला होता, आणि कुणी बघितलंच नव्हतं. सकाळपासूनची सगळी नोंद रद्द करून पुन्हा सुरुवात करावी लागली. निम्मे लोक तोवर घरी गेले होते.

तेव्हा पट्टी घ्या आणि मोजा. सहा मीटरवरून वाचायच्या तक्त्यावर ६/६० चं, म्हणजे सगळ्यात मोठं अक्षर सुमारे ८७ मिलिमीटर उंच हवं. ६/१८ चं २६, ६/१२ चं साडेसतरा, ६/६ चं पावणेनऊ. जागा कमी असेल तर तीन मीटरचा तक्ता मिळतो, त्यावर ही मापं बरोबर निम्मी असतात. सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर लावून चालत नाही.

अंतर पावलांनी मोजू नका. सहा मीटरची सुतळी दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा, खुर्चीचे मागचे पाय जिथे येतात तिथे खडूने रेघ ओढा. तास-दीड तासाने खुर्ची पुढे सरकलेली असते, रेघ बघत राहा. तक्ता उजेडात हवा, पण त्याच्या मागे खिडकी नको. समाजमंदिरात नेमकी खिडकीशेजारची भिंत मोकळी असते आणि सगळे तिथेच तक्ता टांगतात. उजेड डोळ्यांवर येतो आणि अक्षरं काळवंडतात.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी ई आकाराचा तक्ता वापरा. 'पाय कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवा' एवढं सांगितलं की पुरे. आधी जवळ बसवून एकदा करून घ्या. आज्यांना वाटतं आपली परीक्षा चालू आहे, त्या घाबरून गप्प राहतात आणि आपण नजर कमी लिहितो.

एक डोळा झाकताना तळहात खोलगट करून झाका. बोटांच्या फटीतून मुलं बघतात आणि डोळा दाबून धरला तर नंतर त्याच डोळ्याने मिनिटभर धूसर दिसतं. आधी उजवा, मग डावा, कायम याच क्रमाने, म्हणजे नोंदीत घोळ होत नाही. दूरचा चष्मा असेल तर तो लावून मोजा आणि तसं लिहा.

किती ओळीखालच्याला पुढे पाठवायचं हे रुग्णालयाशी आधी बोलून ठेवा. आम्ही मोठ्या माणसांना ६/१२ आणि शाळेतल्या मुलांना ६/९ ही रेघ धरतो. कुठल्याही एका डोळ्याने ती ओळ आली नाही की पुढच्या टेबलावर.

पुढच्या टेबलावर असतो एक काळा पुठ्ठा, त्याला मधोमध जाड सुईने पाडलेलं बारीक भोक. त्यातून बघितल्यावर तोच माणूस दोन-तीन ओळी जास्त वाचू लागला तर बहुधा चष्म्याचा नंबर आहे. काहीच फरक पडला नाही तर डोळ्यातच काही बिघाड आहे, डॉक्टरांकडे आधी पाठवा. एवढ्याशा पुठ्ठ्याने दोन रांगा वेगळ्या होतात आणि दुपारपर्यंत डॉक्टरांचा वेळ योग्य माणसांना मिळतो. मग बॅटरीने बुबुळ बघायचं. पांढरट बाहुली दिसते का, बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग पडलाय का, डोळा लाल आहे का, पापणीचे केस आत वळलेत का. हे तुम्ही फक्त लिहायचं, निदान डॉक्टरांचं.

त्याच दिवशी रक्तदाब आणि साखर मोजा. शस्त्रक्रियेला रुग्णालयात नेलेला माणूस साखर वाढली म्हणून परत आला की दुसऱ्यांदा येत नाही. गावातच कळलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधी साखर आटोक्यात आणता येते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठीवर ठळक लिहा. त्या बंद करायच्या का, हे डॉक्टरच सांगतील.

तक्ता ज्यांना पास करतो ते

नवीन मंडळींकडून सगळ्यात मोठी चूक इथे होते. सगळ्या ओळी वाचल्या की आपण म्हणतो, "काका, डोळे एक नंबर!" आणि काका पुढची पाच वर्षं निर्धास्त होतात.

काचबिंदूत आतला दाब वाढून किंवा इतर कारणाने डोळ्याची नस मरत जाते, आणि बहुतेकदा आधी कडेची नजर जाते. समोरचा तक्ता तो माणूस शेवटपर्यंत वाचतो. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाने टिकवता येते. मधुमेहातही तेच. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडत जातात आणि सुरुवातीला काहीही कळत नाही. म्हणून आमच्या नोंदणीच्या टेबलावर नाव-वयानंतर दोन प्रश्न ठरलेले आहेत : साखरेचा आजार आहे का, आणि आई-वडील-भावंडांत कुणाला काचबिंदू आहे का. यातलं एक जरी 'हो' आलं, तर ६/६ वाचणाऱ्यालाही पडद्याच्या आणि दाबाच्या तपासणीची चिठ्ठी. मधुमेह असलेल्याने पडदा वर्षातून एकदा दाखवायचाच.

पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास डोळे दिपतात, जवळचं दिसत नाही. मोटरसायकलवर आलेल्याला हे थेंबांच्या आधी सांगा आणि घरी सोडायला दुसरा माणूस बघा.

बाळांचं थोडक्यात सांगतो, पण विसरू नका. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ गावात असेल, तर त्याचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासून व्हावा लागतो, आणि फारच लवकर जन्मलेल्याचा त्याहीआधी. शिबिराची वाट बघायची नाही. कुठल्याही मुलाची बाहुली पांढरी चमकताना दिसली, मग ती मोबाईलच्या फोटोत का असेना, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या. मोतीबिंदू असू शकतो, डोळ्यातली गाठही असू शकते.

जवळचा चष्मा

चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, याला आजार म्हणायचं कारण नाही, पण हाल खरे आहेत. हळद निवडणारी, शिवणकाम करणारी, औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचून फवारणी करणारी माणसं यात अडतात. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं तोडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या शेतमजुरांचं काम काही वेगळं नाही.

दूरची नजर दोन्ही डोळ्यांनी चांगली असेल, तर एक ते अडीच-तीन नंबरचे तयार चष्मे त्याच दिवशी हातात देता येतात. नंबर वयाच्या कोष्टकावरून न देता सुई-दोरा देऊन बघा. ओवला की तोच नंबर.

चिठ्ठी नको, जागा द्या

आता त्या डब्यातल्या चिठ्ठ्यांकडे येतो. 'शस्त्रक्रियेचा सल्ला' या दोन शब्दांनी कुणी दवाखान्यात पोचत नाही. आमच्या चिठ्ठीवर आता चार गोष्टी असतात : कोणत्या तारखेला, किती वाजता गाडी कुठून निघणार, सोबत कोण येणार त्याचं नाव, आणि आदल्या दिवशी आठवण करायला येणाऱ्या कार्यकर्त्याचा फोन. सोबतीच्या माणसाचं नाव लिहिल्याशिवाय ती चिठ्ठी द्यायची नाही.

त्यासाठी शेवटच्या टेबलावर समजावून सांगणारं माणूस बसवा, शक्यतो त्याच गावची, शस्त्रक्रिया होऊन गेलेली बाई. आमच्याकडे एक मावशी बसतात. कुणी म्हणालं, "अजून पिकला न्हाई," की त्या म्हणतात, "आंबा हाय व्हय पिकायला?" मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज आता राहिलेली नाही. नजर कामाच्या आड येऊ लागली की काढता येतो. उलट फार जुना झाला तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि कधी डोळ्यातला दाब वाढून डोळाच दुखायला लागतो. थेंबांनी तो विरघळत नाही, विकणारे काहीही सांगोत.

"आता किती दिवस राहिलेत माझे" असं म्हणणाऱ्यांना दिवस मोजून दाखवू नका. नातवाचं तोंड बघायचंय का, एवढंच विचारा. मुलगा मुंबईत असेल तर तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावा. मुलगा "जा आई, मी येतो" म्हणाला की निम्मं काम झालं. तो येणार नसेल, तर भावकीतलं कोण जाईल हे त्याच फोनवर ठरवून घ्या.

रांगेत बसलेल्यांना सांगायच्या दोन गोष्टी

लोक दोन-दोन तास बसतात, त्या वेळेचा उपयोग करा. उसाचं पान किंवा कुसळ डोळ्याला लागलं तर तुळशीचा रस, मध, अंगावरचं दूध यातलं काही घालायचं नाही, आणि मेडिकलमधून मनाने घेतलेले थेंब तर मुळीच नाहीत. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉईड असतं. बुरशीची जखम असेल तर त्याने ती पसरते. बुबुळावर फूल पडून गेलेले डोळे आपल्या ऊसपट्ट्यात पुष्कळ आहेत. लागल्या दिवशीच डॉक्टर गाठले तर यातले बरेचसे वाचतात.

दुसरं, तंबाखूचा चुना. पोरं पुडी किंवा ट्यूब दाबतात आणि पिचकारी डोळ्यात जाते. चुना डोळा जाळत आत उतरतो. हातातलं सगळं टाकून आधी पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने कमीत कमी पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास डोळा धुवायचा, आणि मग गाडी काढायची. धुण्याआधी दवाखान्याकडे पळू नका.

शाळा

अंगणवाडी आणि शाळांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं करतात. तुम्ही त्यांना विचारून पूरक काम करा. मुलं रांगेत उभी राहून तक्ता पाठ करतात, म्हणून रांग दाराबाहेर ठेवा. एका डोळ्याने कमी दिसणारं मूल वर्गात कुणाच्याच लक्षात येत नाही. तो डोळा लहानपणीच कामाला लावला नाही तर मोठेपणी चष्म्यानेही नीट बघत नाही. आणि चष्मे वाटले म्हणजे काम संपलं असं समजू नका. तीन महिन्यांनी न सांगता वर्गात जा, किती नाकांवर आहेत आणि किती दप्तरात आहेत ते मोजा. मुलींचे जास्त दप्तरात सापडतात, चिडवतात म्हणून. फ्रेम मुलांना स्वतः निवडू द्यायला लागल्यापासून आमच्याकडे हे बरंच कमी झालं.

परत आल्यावर

गाडी रुग्णांना घेऊन परत आली, हिरव्या पट्टीचे फोटो निघाले, की कार्यकर्ते पांगतात. खरी काळजी पुढचा महिनाभर घ्यावी लागते. थेंब वेळेवर पडतात का, चुलीच्या धुरात बसत नाहीत ना, डोक्यावरून अंघोळ केली नाही ना. एकट्या राहणाऱ्या आजींना थेंब घालायला शेजारची शाळकरी मुलगी लावून द्या, वेळा भिंतीवर खडूने लिहा. दुखायला लागलं, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय. फोटो काढण्याआधी त्या माणसाला विचारा. पट्टी बांधलेल्या चेहऱ्याने बॅनरवर झळकणं सगळ्यांना आवडत नाही.

आता तो रकाना. आमच्या रजिस्टरात नाव, वय, वस्ती, दोन्ही डोळ्यांची नजर, निदान, तारीख, सोबतीचा माणूस, शस्त्रक्रिया झाली का, आणि शेवटी : एक महिन्यानंतरची नजर, गरज असेल तिथे चष्म्यासह. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेने मोतीबिंदूच्या बाबतीत २०३० साठी जे उद्दिष्ट ठरवलं तेही याच धर्तीचं आहे. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांतल्या किती जणांना ती मिळाली आणि मिळाल्यावर चांगलं दिसतंय का, हे दोन्ही त्यात एकत्र मोजतात. शस्त्रक्रियेनंतर ६/१२ किंवा त्याहून चांगली नजर आली तर ती चांगली मानतात. कमी आली, तर रुग्णालयात परत दाखवा. पुष्कळदा नुसता चष्मा द्यायचा राहिलेला असतो.

ज्यांनी नकार दिला त्यांच्या नावावर काट मारू नका. कारण लिहा आणि पुढची भेट लिहा. शेजारच्या घरातला माणूस दिसायला लागून पुन्हा रानात जाऊ लागला की नकाराचा होकार होतो, आम्ही अनेकदा बघितलं आहे.

त्या आजींच्या ओळीत लिहिलं आहे : उजवा डोळा, एक महिन्यानंतर ६/१२. गेल्या खेपेला मी उंबऱ्यात उभा राहिलो, काही बोललो नाही, आणि त्या आतूनच म्हणाल्या, "ये रं, बस." डाव्या डोळ्याचा रकाना अजून मोकळा आहे. मुलगा दिवाळीला येणार आहे, त्याच्या सुट्टीतली तारीख तिथे पेन्सिलने लिहून ठेवली आहे.